धावून जाण्यापूर्वी

१ मे २०१९. महाराष्ट्र दिन. आदल्या रात्री गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यात, दादापूर येथे, नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची पंचवीसहून अधिक वाहने जाळून टाकली होती. दुपारी कुरखेड्याचे शीघ्र कृती दल एका खासगी वाहनातून त्या दिशेने निघाले. जांभुळखेडा आणि लेंढारी यांच्या दरम्यान रस्त्याखाली पेरलेला भूसुरुंग फुटला. १५ पोलिस आणि वाहनाचा चालक असे १६ जण प्राणाला मुकले.

गुप्तवार्ता कोठे कमी पडली, रस्ता आधी तपासला होता की नाही, जवानांना खासगी वाहनातून का जावे लागले, यावर त्यानंतर पुष्कळ लिहिले-बोलले गेले. ते आवश्यकच होते. पण मला त्या घटनेत आणखी एक गोष्ट दिसते आणि तिच्यावर फारशी चर्चा झाली नाही. रात्री जळालेली वाहने आणि दुपारी फुटलेला सुरुंग यांना वेगळे काढता येत नाही. आग लागली की कोणीतरी येणार आणि ते याच रस्त्याने येणार, हे सुरुंग पेरणाऱ्याने हेरले होते. धावून येण्याच्या कर्तव्यावरच त्याने नेम धरला होता.

स्फोटाच्या बाबतीत हे नक्षलवाद्यांच्या डावपेचापुरतेच खरे आहे असे मात्र नाही. कोठारातील दारूगोळा, रस्त्यावर पेटलेला टँकर, खाणीत साचलेला वायू यांच्या मनात कोणताही हेतू नसतो. तरीही त्यांचा दुसरा तडाखा पुष्कळदा मदतीला आलेल्यांनाच बसतो. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच असलेल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत स्फोटाची ही सारी रूपे शेजारी-शेजारी नांदतात. अशा मुलखात मदतीला जाणाऱ्याने केव्हा धावावे, केव्हा थांबावे आणि हे त्याला कोणी सांगावे, हा प्रश्न अग्निशमन दलाच्या कवायतीपुरता राहत नाही. तो कारभाराचा प्रश्न होतो.

गोदीतला धडा

आपल्या देशात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि २० एप्रिलपर्यंत सप्ताह साजरा होतो. त्यामागची घटना महाराष्ट्रातलीच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे मालवाहू जहाज उभे होते. त्यात सुमारे १४०० टन स्फोटके होती, कापसाच्या गाठी होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात भरण्याची ही करणी युद्धाच्या घाईतली. दुपारी जहाजातून धूर दिसू लागला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. जहाजावर स्फोटके आहेत हे सांगणारा लाल बावटा मात्र लावलेला नव्हता. जहाज तिथेच बुडवावे, गोदीबाहेर न्यावे की आग विझवत राहावे, याचा खल होत राहिला आणि निर्णय काही झाला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहूनही भयंकर. अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले.

दरवर्षी आपण त्या ६६ जणांचे शौर्य आठवतो. आठवलेच पाहिजे. पण त्यांचे प्राण कशामुळे गेले तेही त्याच दिवशी आठवायला हवे. धोका केवढा आहे हे दुरून कळेल अशी खूण जहाजावर नव्हती आणि ‘आता सगळे मागे फिरा’ असा हुकूम देण्याचा निर्विवाद अधिकार कोणा एकाकडे नव्हता. माहिती नव्हती आणि हुकूम नव्हता. पुढच्या ८० वर्षांत जगभर झालेल्या अशा दुर्घटना पाहिल्या, तर याच दोन उणिवा पुन्हा पुन्हा भेटतात. १९४७ साली अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात अमोनियम नायट्रेट भरलेले जहाज फुटले, तेव्हा गावाचे स्वयंसेवी अग्निशमन दल जवळजवळ संपूर्ण नाहीसे झाले. २०१५ साली चीनमधील तियानजिन येथे रसायनांच्या कोठारात जे स्फोट झाले, त्यातील मृतांमध्ये सर्वाधिक संख्या आग विझवायला गेलेल्यांची होती. २०२० साली बैरुतच्या बंदरात आगीच्या वर्दीवर गेलेली १० जणांची तुकडी परत आली नाही.

आपल्या भागाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र कॅन्सस सिटीचे आहे. २९ नोव्हेंबर १९८८ च्या पहाटे तेथे एका महामार्गाच्या कामावर आग लागली. खडक फोडण्यासाठी आणलेली स्फोटके तेथे ट्रेलरमध्ये साठवलेली होती. आत काय आहे हे सांगणारी पाटी ट्रेलरवर नव्हती. आग विझवायला गेलेले ६ जण स्फोटात ठार झाले. त्यानंतर बाकीच्यांना मागे घेतले गेले, म्हणून थोड्या वेळाने झालेल्या दुसऱ्या स्फोटात कोणाचा जीव गेला नाही. पुढे तेथे नियम झाले. स्फोटकांच्या वाहनावरची धोक्याची पाटी माल असेपर्यंत काढायची नाही आणि स्फोटके साठवणाऱ्याने स्थानिक अग्निशमन अधिकाऱ्याला कळवलेच पाहिजे. किती साधे नियम! पण त्यासाठी सहा माणसे जावी लागली. रस्त्यांची, खाणींची, पुलांची कामे जिथे जोरात चालू आहेत अशा चंद्रपूर-गडचिरोलीत हा धडा आयता मिळत असताना तो न घेणे परवडणारे नाही.

एक शब्द, चार संकटे

फोनवर येणारी वर्दी एकच असते, ‘स्फोट झाला.’ या एका शब्दाच्या पोटात या दोन जिल्ह्यांत निदान चार वेगवेगळी संकटे आहेत आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा, काही वेळा तर अगदी उलटा आहे.

पहिले संकट इंधनाचे. १९ मे २०२२ च्या रात्री चंद्रपूर-मूल रस्त्यावर अजयपूरजवळ डिझेलचा टँकर आणि लाकडे वाहून नेणारा ट्रक यांची टक्कर झाली. दोन्ही वाहने पेटली, आग शेजारच्या जंगलातही शिरली. ९ जण जळून गेले. चंद्रपूरहून बंब पोहोचायला सुमारे तास लागला. मेचा महिना, वाळलेला पाचोळा, रात्रीची वेळ आणि शहर दूर! या मुलखातील रस्त्यावरच्या आगीचे हे नेहमीचे चित्र आहे. डिझेलऐवजी स्वयंपाकाचा गॅस असता तर गोष्ट आणखी वेगळी झाली असती. गॅसची टाकी बाहेरून तापते, आतला द्रव उकळू लागतो, दाब वाढतो आणि पत्रा मऊ पडला की टाकी फाटून आगीचा लोळ उठतो. अशा वेळी दुरून आणि आडोशाने पाण्याचा मारा करून टाकी थंड ठेवणे हाच उपाय. टाकीच्या दोन टोकांच्या समोर कोणी उभे राहायचे नाही आणि सुरक्षा झडपेचा आवाज चढत गेला की तडक मागे फिरायचे. पाणी पुरेसे नसेल तर आधी माणसे हलवायची.

दुसरे संकट खऱ्या अर्थाने स्फोटकांचे. चंद्रपूर जिल्हा कोळशाचा आणि चुनखडीचा. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, राजुरा या पट्ट्यातल्या खुल्या कोळसा खाणी आणि सिमेंट कारखान्यांच्या चुनखडीच्या खाणी सुरुंगांवाचून चालत नाहीत. त्यासाठी लागणारा माल रस्त्यानेच येतो. भद्रावतीला साठच्या दशकापासून दारूगोळ्याची आयुध निर्माणी आहे. येथे नियम इंधनाच्या अगदी उलट. स्फोटकांच्या ट्रकचे चाक किंवा इंजिन पेटले असेल आणि आग मालापर्यंत गेली नसेल, तर ती क्षणाचाही विलंब न लावता विझवायची. आग मालाला भिडली, की मात्र पाण्याची नळी तिथेच टाकून सगळ्यांनी निघायचे. मोठ्या प्रमाणावर एकदम फुटणाऱ्या मालासाठी चहूबाजूंनी १६०० मीटर, म्हणजे एक मैल, मोकळा करावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सांगतात. एक मैल म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा एखादे अख्खे गाव. वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली, तेव्हा आजूबाजूची गावे रातोरात रिकामी करावी लागली. त्या आगीत दोन लष्करी अधिकारी गेले आणि मृतांमध्ये बहुसंख्य अग्निशमन कर्मचारी होते. विझवता विझवता गेलेली ती माणसे होती.

तिसरे संकट जमिनीखालचे. भूमिगत कोळसा खाणीत ज्वलनशील वायू किंवा कोळशाची उडालेली धूळ पेटली, तर स्फोटापेक्षाही त्यानंतर पसरणारा कार्बन मोनॉक्साईड अधिक जीव घेतो. त्याला वास नाही, रंग नाही. आत पडलेल्या सोबत्याला ओढायला कोणी नुसत्या नाकातोंडावर फडके बांधून गेला, तर तो त्याच्याच शेजारी कोसळतो. शिवाय ताजी हवा आत शिरली की उरलेला वायू पुन्हा पेटण्याची भीती असते. म्हणूनच १९८५ च्या खाण बचाव नियमांनी श्वसनयंत्र वापरण्यात तरबेज अशा स्वतंत्र बचाव पथकांची व्यवस्था केली आहे. नगरपालिकेच्या बंबाचे येथे काम नाही. खाणीच्या तोंडाशी शिस्त ठेवणे आणि उत्साही माणसांना आत जाण्यापासून अडवणे, एवढेच इतरांनी करायचे.

चौथे संकट पेरलेले. २७ मार्च २०१२ रोजी धानोरा तालुक्यात पुस्टोलाजवळ केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या बसखाली भूसुरुंग फुटून डझनभर जवान गेले. ११ मे २०१४ रोजी चामोर्शी तालुक्यात मुरमुरीजवळ ७ पोलिस गेले. जांभुळखेड्याचे वर सांगितलेच. येथे आग विझवणे हा मुद्दाच नसतो. जखमी समोर विव्हळत असतात आणि त्यांच्यापर्यंत जाणारी वाट मात्र संशयास्पद असते. पुलाखाली दुसरा सुरुंग असेल, झाडीत बंदूकधारी असतील. म्हणून बॉम्बशोधक पथकाने वाट मोकळी केल्याशिवाय वाहन पुढे न्यायचे नाही, गेलेच तर पायी आणि रस्ता सोडून जायचे, ही या जंगलातली रीत झाली. तिची किंमत फार मोठी मोजली गेली आहे.

म्हणजे पहिल्या संकटात पाणी मारायचे, दुसऱ्यात पळायचे, तिसऱ्यात यंत्र लावल्याशिवाय आत जायचे नाही आणि चौथ्यात वाट तपासेपर्यंत थांबायचे. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर ते विष ठरते. आणि वर्दी देणारा तर फक्त ‘स्फोट झाला’ एवढेच सांगतो. तेव्हा कशाचा स्फोट, किती माल, अजून किती शिल्लक, हे तीन प्रश्न वर्दी घेणाऱ्याने विचारले आणि त्यांची उत्तरे त्याला मिळाली, तर निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते.

थांबण्याची परीक्षा

पण थांबणे सोपे नसते. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगाव येथील स्फोटकांच्या कारखान्यात ९ कामगार गेले, त्यांत ६ स्त्रिया होत्या. आत स्फोटके शिल्लक असल्याने मृतदेह बाहेर काढायला वेळ लागला. दाराबाहेर नातेवाईक जमले होते. आत आपली मुलगी आहे, ती जिवंत आहे की नाही कोणी सांगत नाही आणि गणवेशातली माणसे नुसती उभी आहेत, हे दृश्य पाहणाऱ्या बापाला सुरक्षित अंतराचा नियम कसा समजावणार? त्याचा संताप रास्तच असतो. आत न गेलेला अधिकारी त्याला भेकड वाटतो. वर्तमानपत्रांतही मग ‘बचावकार्यास विलंब’ असा मथळा येतो. आम्ही लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे की प्रत्येक विलंब हा निष्काळजीपणा नसतो. कधी कधी तोच आणखी दहा घरे वाचवत असतो.

मात्र याच्या आड कारखानदारालाही लपता येऊ नये. आत किती माणसे होती, कोणत्या इमारतीत होती, किती माल शिल्लक आहे, ही यादी घटनेनंतर काही मिनिटांत दाराशी आलेल्या पहिल्या अधिकाऱ्याच्या हातात पडली पाहिजे. ती असली तर थांबण्याला कारण असते आणि नातेवाईकांना उत्तर मिळते. ती नसली तर थांबणे हे नुसते ताटकळणे होते. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन छत कोसळले आणि ८ कर्मचारी गेले. तेथे ढिगारा उपसायचा होता आणि ढिगाऱ्याखाली माणसेही होती. अशा वेळी यंत्राचे पाते कोठे घालायचे आणि कोठे हाताने उकरायचे, हे त्या इमारतीत रोज काम करणाऱ्यालाच नेमके ठाऊक असते. बचावपथकाच्या प्रमुखाशेजारी कारखान्याचा जाणता माणूस उभा असणे हे बंबाइतकेच मोलाचे आहे.

जखमींच्या बाबतीतही एक गोष्ट सर्वसामान्यांना माहीत नसते. स्फोटात सापडलेला माणूस बाहेरून धडधाकट दिसला तरी दाबाच्या लाटेने त्याच्या फुफ्फुसांना इजा झालेली असू शकते. तो चालत येतो, बोलतो आणि काही वेळाने त्याला दम लागू लागतो. अनेकांच्या कानाचे पडदे फाटलेले असतात, त्यामुळे ‘तिकडे जाऊ नका’ असे ओरडून सांगितलेले त्यांना ऐकूच येत नाही. हातपाय तुटलेल्याचा जीव रक्तस्रावाने काही मिनिटांत जातो, तो जखमेच्या वरच्या बाजूला घट्ट पट्टा आवळून वाचू शकतो. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे, पण ती येईपर्यंतची ही मिनिटे शेजाऱ्याच्याच हातात असतात.

बंब कोणाचा?

आता कारभाराकडे येऊ. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा विषय नगरपालिकांकडे दिला. ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी जी अकरावी अनुसूची आली, तिच्यातील २९ विषयांत अग्निशमन नाही. घटनेनेच जणू गृहीत धरले की आग शहरात लागते! पुढे महाराष्ट्राने २००६ साली आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा केला, परंतु बंब आणि माणसे प्रामुख्याने महानगरपालिका, नगरपालिका आणि औद्योगिक वसाहतींकडेच राहिली. चंद्रपुरात २०११ साली महानगरपालिका झाली. गडचिरोलीत २०१५ साली बहुतेक तालुक्यांच्या गावी नगरपंचायती आल्या. पण खाण, कोठार, महामार्ग आणि जंगल हे सगळे असते ग्रामपंचायतीच्या शिवारात.

अंतरे पाहा. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४ हजार ४१२ चौरस किलोमीटर, त्यातले सुमारे ७० टक्के जंगल. जिल्ह्याच्या ठिकाणाहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या पुढे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. अशा ठिकाणी ‘बंब किती मिनिटांत पोहोचला’ हा शहरी प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तेथे प्रथम पोहोचणारा माणूस कोण, हा प्रश्न विचारायला हवा. तो असतो पोलिस मदत केंद्राचा शिपाई, वनरक्षक, गावचा पोलिस पाटील, मागून येणाऱ्या ट्रकचा चालक, तेंदूपत्ता तोडायला गेलेले कुटुंब. अग्निशमनाचे आपले सगळे प्रशिक्षण मात्र गणवेशातल्या बंबवाल्यापाशी येऊन थांबते.

दुसरीकडे स्फोटकांचा कारभार पाहावा तर तो भलताच विखुरलेला. परवाना देणारी पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना केंद्राची. खाणीतल्या सुरक्षेवर देखरेख धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची. आयुध निर्माणी संरक्षण खात्याची. पोलिस राज्याचे आणि बंब नगरपालिकेचा. गंमत अशी की विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे आणि देशभरचे अग्निशमन अधिकारी घडवणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही नागपुरातच आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडीही तेथेच असते. ज्ञान, परवाना आणि बचाव या तिन्ही गोष्टी चंद्रपूरहून दीडशे किलोमीटरवर एकाच शहरात नांदतात आणि तरीही अजयपूरच्या रस्त्यावर पहिला तास कोणाचाच नसतो.

हे सगळे धागे एकत्र येतात अशी जागा जिल्ह्यात एकच आहे आणि ती म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचे टेबल. २००८ च्या विस्फोटक नियमांखाली कोठारासाठी लागणारे ना-हरकत प्रमाणपत्र तेथूनच जाते. धोकादायक रसायनांसंबंधीच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे कारखान्याबाहेरच्या आपत्कालीन आराखड्याची जबाबदारी तेथेच आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपदही त्यांनाच दिले आहे. म्हणजे गोदीत १९४४ साली जो अधिकार कोणा एकाकडे नव्हता, तो आज कायद्याने एका माणसाकडे आहे. माहितीही त्याच्याच दप्तरात आहे. ती फायलीतून निघून रस्त्यापर्यंत जात नाही, एवढीच अडचण.

जंगल निवळताना

ही अडचण आज अधिक तातडीची झाली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. चार दशके या जिल्ह्याने जे भोगले त्यानंतर हा दिलासा मोठाच. पण माणूस शस्त्र ठेवतो तेव्हा त्याने पूर्वी जमिनीत पुरलेले आपोआप वर येत नाही. ६ जानेवारी २०२५ रोजी शेजारच्या बिजापूर जिल्ह्यात सुरुंग फुटून ८ जवान आणि एक चालक गेले, तेव्हा तो सुरुंग बराच आधी पुरून ठेवलेला असावा, असे तेथील पोलिसांनी सांगितले होते. जुना सुरुंग तह मानत नाही. उद्या त्यावर पाय पडेल तो रस्ता रुंद करणाऱ्या मजुराचा किंवा सरपण आणायला गेलेल्या बाईचाही असू शकेल. ज्यांनी पुरले त्यांच्याकडूनच जागा विचारून घेण्याची संधी आज आहे. काही वर्षांनी त्यांनाही त्या आठवणार नाहीत.

दुसरीकडे उद्योग येत आहेत. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या पहाडावरून लोहखनिज निघते आहे, जड वाहनांची रीघ लागली आहे, रस्ते आणि पूल होत आहेत. म्हणजे पेरलेल्या स्फोटाची भीती कमी होत असतानाच परवान्याच्या स्फोटकांची आणि इंधनाच्या टँकरची वर्दळ वाढणार आहे. चंद्रपूरने गेल्या शंभर वर्षांत जे संकट हळूहळू अंगवळणी पाडून घेतले, ते गडचिरोलीच्या दारात एकदम येऊन उभे राहील. त्याच्याशी गाठ पडणारे हात मात्र तेच असतील, पोलिस मदत केंद्राचे आणि ग्रामपंचायतीचे.

करता येण्याजोगे

काय करता येईल? मोठ्या योजनांची आणि कोट्यवधींच्या बंबांची यादी मी येथे देणार नाही. बंब हवेतच आणि तालुक्यातालुक्यात हवेत. पण त्याआधी फारसा पैसा न लागता होण्यासारख्या काही गोष्टी आहेत.

दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक परवानाधारक दारूकोठार, पेट्रोलपंप, गॅस गोदाम आणि स्फोटके वापरणारे प्रत्येक काम यांची एकेका पानाची माहिती जवळच्या अग्निशमन केंद्रात आणि पोलिस ठाण्यात असावी. तीत जागा, जास्तीत जास्त माल, जबाबदार माणसाचा फोन आणि किती अंतरावर थांबायचे ते लिहिलेले असावे. ही पाने जाहीर भिंतीवर लावायची नाहीत, कारण ती चुकीच्या हातीही पडू शकतात. कुलूपबंद कपाटात ठेवावीत, पण ठाण्यातल्या रात्रपाळीच्या हवालदाराला त्या कपाटाची किल्ली ठाऊक असावी.

११२ असो, १०१ असो की जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, वर्दी घेणाऱ्याने ते तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत आणि ते गोंडी व माडिया बोलणाऱ्या माणसाला कळतील अशा शब्दांत विचारता आले पाहिजेत. भामरागडच्या जंगलातून फोन करणाऱ्याची बोली नियंत्रण कक्षात कोणालाच येत नसेल, तर सगळी यंत्रणा बहिरी आहे.

गावोगावच्या पोलिस पाटलाला, वनरक्षकाला आणि गावातल्या चार तरुणांना एक दिवसाचे शिक्षण द्यावे. पेटलेला टँकर, स्फोटकांची गाडी, संशयास्पद वायर यांपैकी काय दिसले तर काय करायचे आणि रक्त कसे थांबवायचे, एवढेच त्यात असावे. नागपूरच्या महाविद्यालयाने आणि विस्फोटक संघटनेने हे दोन जिल्हे यासाठी दत्तक घेतले तर त्यांना फार लांब जावे लागणार नाही.

आणि शेवटची गोष्ट माणसांची. कंत्राटी पद्धतीने नेमलेला अग्निशमन कर्मचारी त्याच आगीत उतरतो ज्यात कायम कर्मचारी उतरतो. त्याच्या कुटुंबामागे विमा, निवृत्तिवेतन आणि सन्मान तेवढाच उभा राहिला पाहिजे. मागे फिरण्याचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला दुसऱ्या दिवशी निलंबनाची भीती वाटू नये, हेही त्यातच आले. ज्याला आपण परत येण्याची मुभा देत नाही, त्याला पुढे जा म्हणण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

येत्या १४ एप्रिलला चंद्रपुरात आणि गडचिरोलीत बंबांची मिरवणूक निघेल, शाळांतून प्रात्यक्षिके होतील, फोर्ट स्टिकिनच्या हुतात्म्यांना मानवंदना दिली जाईल. त्या दिवशी दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी वर सांगितलेल्या पानांचा एकेक गठ्ठा आपापल्या अग्निशमन केंद्रांच्या हाती द्यावा. भद्रावती, राजुरा, मूल, कुरखेडा, एटापल्ली, सिरोंचा या क्रमाने तो पोहोचला की नाही, हे विचारायला वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी फोन करावेत. माझ्या लेखी मानवंदनेचा खरा भाग तोच असेल.